मधला रंग

विलाकोल्यो, रविवार, १३ ऑक्टोबर १९९१

आदरणीय सातुर्निना मावशींस,

तुम्हाला पत्र लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे ठाऊक असूनही लिहीत आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. आठ वर्षांत आमच्या घरातून कुणी तुमची चौकशी केली नाही आणि आज गरज पडली तेव्हा मी कागद घेऊन बसले. हे शोभणारे नाही. दोन्या कार्लोतांचीही क्षमा मागते. तुमच्या आरिका शहराच्या बसचे चालक म्हणाले, की तुम्ही त्यांच्या दुकानामागच्या भट्टीवर पाव करता आणि तुमचे सगळे कागद त्याच वाचून दाखवतात. गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता त्यांना माझे हे लांबलचक अक्षर वाचावे लागणार.

मी फेलिसा, तुमच्या नीवेसची मुलगी. तुम्ही गाव सोडलेत तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आता गावच्याच शाळेत शिकवते. एका खोलीत एकेचाळीस मुले आणि चार इयत्ता आहेत. वाऱ्याने दार सारखे उघडते म्हणून त्याला दगड लावून ठेवावा लागतो. संध्याकाळी घरी येते तेव्हा बोलण्याइतका आवाज उरलेला नसतो, पण लिहिता येते.

बाबांची पाळी आली आहे. येत्या एक जानेवारीला गावप्रमुखाची काठी त्यांच्या हाती येईल. दोन्या कार्लोतांना हे ठाऊक नसेल म्हणून लिहिते: आमच्याकडे एकट्या पुरुषाला काठी देत नाहीत. शेजारी बायको बसावी लागते, आणि तिच्या खांद्यावर घरच्या हातांनी विणलेला नवा अवायो असावा लागतो. पाठीवर घ्यायची ही शाल दोन अर्ध्यांत विणतात आणि मग मधोमध शिवतात. दोन्ही अर्धे आरशात पाहिल्यासारखे सारखे हवेत. ही पाळी सुटली तर आमच्या घराकडे ती एकवीस वर्षांनी येईल. बाबा आज साठीला टेकले आहेत.

बाबा स्वागताचे शब्द पाठ करतात. नवरा एक ओळ म्हणतो, बायको तिची उलटी. बाबा म्हणतात, “उजेडात चाललेल्यांनो,” मग आई चुलीपाशी बसून म्हणते, “अंधारात राहिलेल्यांनो.” बाबा म्हणतात, “डोंगरावरच्यांनो,” आई म्हणते, “पाण्याकाठच्यांनो.” अध्यापक विद्यालयात आम्हाला शिकवले होते, की एकच गोष्ट एकाच शब्दात सांगावी. इथे मात्र एकट्या शब्दाला कुणी उभे करत नाही.

पहिला अर्धा तुम्ही आणि आईने मिळून विणलेला आहे. ताणा लावताना तुम्ही एका टोकाला बसायच्या, आई दुसऱ्या, आणि लोकरीचा गुंडा मधल्या मातीवरून इकडून तिकडे सरपटत जायचा, हे मला आठवते. तो अर्धा आईने इतकी वर्षे जपून ठेवला. दुसरा अर्धा यंदा मागावर चढवला, पण त्याच्या रंगांत चूक झाली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. नात्यातल्या पेत्रोना आजीने विणून पाहिले, पण तिचा हात सैल पडतो आणि तिचे कापड तुमच्या कापडाशेजारी बसत नाही.

म्हणून आईची विनंती आहे, की तुम्ही यावे. एका अर्ध्याला पाच आठवडे लागतात. नोव्हेंबर सरण्याआधी आलात तर होईल. तुमच्याशिवाय ते होणार नाही, एवढेच मला ठामपणे सांगता येते.

तुमची नम्र,
फेलिसा


विलाकोल्यो, रविवार, ३ नोव्हेंबर १९९१

आदरणीय मावशींस,

दोन्या कार्लोतांच्या हातची चिठ्ठी गेल्या रविवारी मिळाली. एकच ओळ होती: “जिला नदीवर यायला पाय नव्हते, तिच्यासाठी मला हात नाहीत.” निरोप आईला पोचवला आहे. तिने ऐकून घेतले.

तरीही पुन्हा लिहिते, हे माझे धाडस समजू नये. खरे तर हा थकवा आहे. शाळेतून आले की माग अंगणात तसाच चार खुंट्यांवर ताणलेला दिसतो. त्याला वळसा घालून पाणी आणावे लागते, वळसा घालून चुन्योचे सुके बटाटे भिजत घालावे लागतात.

काल मृतांचा दिवस झाला. आईने यंदाही लुकास काकांसाठी, तुमच्या माणसासाठी, आत्म्याला चढाउतरायला शिडीच्या आकाराचा पाव केला आणि मेजावर मधोमध ठेवला. रीत तीन वर्षांची आहे. आईने आठ वर्षे चालवली आहे. पेत्रोना आजी दरवर्षी येऊन तेच म्हणते, “अगं नीवेस, सोड आता त्या माणसाला. शिडी चढून चढून गुडघे गेले असतील त्याचे.” यंदा आईने तिला पहिल्यांदा उत्तर दिले. म्हणाली, “आरिकात त्याचं मांडलं जातं की नाही, मला कोण सांगणार? दोनदा जेवला तर काही बिघडत नाही. एकदाही नाही जेवला तर?”

हे तुम्हाला कळवावे असे वाटले. यात माझे काहीच नाही.

माझे जे आहे ते आता लिहिते. मागच्या पत्रात “रंगांत चूक झाली” असे मी लिहिले. असे वाक्य मी मुलांच्या वहीत पाहिले तर लाल रेघ मारते आणि विचारते, चूक कुणी केली? तो अर्धा मी विणला.

ऑगस्टमध्ये आईने आणि मी ताणा लावला. आई तुमच्या जागी बसली आणि मी आईच्या. कुठल्या रंगाचा गुंडा सोडायचा हे मी ठरवत होते. ती फक्त झेलून परत पाठवत होती, कारण तिला रंग दिसत नाहीत. पहिल्या अर्ध्यात काळा पट्टा संपतो तिथेच पांढरा सुरू होतो. दोन्या कार्लोता, त्या कडेला आम्ही आल्का म्हणतो. तुमच्या अर्ध्यातली आल्का पाहिली की मला लहानपणापासून दचकायला होई. विद्यालयात चित्रकलेच्या तासाला मी शिकले होते, की दोन टोकांचे रंग एकमेकांना थेट भिडवू नयेत, मध्ये छटांच्या पायऱ्या कराव्यात. त्या तासाला मला सर्वांत जास्त गुण होते. म्हणून मी काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये राखाडी लोकरीचे पाच गुंडे सोडले, गडदपासून फिकटपर्यंत. आपल्याकडेही अशा पायऱ्या करतातच, त्यांना कीसा म्हणतात, असे मी स्वतःला समजावले. आई बाबांचा हात धरून जवळच्या कुरणावर गेली की मी विणायला बसत असे. मला ते सुंदर वाटत होते. खोटे कशाला बोलू, अजूनही वाटते.

पेत्रोना आजीने पाहिले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “कीसा गोड असतं, पोरी,” ती म्हणाली, “सुकवलेल्या पीचसारखं. काठाला लाव की दोन बोटं. पण तू सगळं जेवणच त्याचं केलंस. हे कापड आहे, का पाहुणे वाढले म्हणून पाणी घातलेलं सूप?” तिच्यासोबत आलेल्या बायका हसल्या. त्यांच्यात माझ्या दोन विद्यार्थिनींच्या आया होत्या.

आईने दोन्ही अर्धे भर दुपारच्या उन्हात जमिनीवर शेजारी मांडायला लावले. मागावरचा अर्धा खुंट्यांसकट सोडून आणावा लागला, नंतर तो परत ताणला. तुमच्या अर्ध्यावर तिने चेहरा अगदी खाली नेला आणि बोट ठेवले ते बरोबर आल्कावर. तिला माझा चेहरा दिसत नाही, मावशी, पण ती कड दिसते. मग ती माझ्या अर्ध्याकडे वळली आणि बराच वेळ शोधत राहिली.

“फेलिसा, यात रेघ कुठं आहे?”

मी सांगितले, की रेघ नाही, रंग हळूहळू बदलत जातो.

“मग एक कुठं संपलं आणि दुसरं कुठं लागलं, ते मी कुणाला विचारू?”

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “काळं आणि पांढरं शेजारी बसवलं की भांडतं. भांडतं म्हणून दोन्ही जागं राहतं. तू मध्ये पंच बसवलेस, पाच-पाच. आता दोन्ही झोपलंय.”

ती हे कापडाबद्दलच बोलत होती. तिला दुसरे काही ठाऊक नाही. मी मात्र त्या दिवसापासून नीट झोपलेले नाही. कारण या पत्रात लिहिता येत नाही.

तुमची,
फेलिसा


विलाकोल्यो, रविवार, १७ नोव्हेंबर १९९१

मावशींस,

दोन्या कार्लोता, हे वाचण्याआधी कृपया दुकानाचे दार लावून घ्यावे आणि मावशींना बसायला सांगावे. आणखी एक विनंती. वाचताना कुठलेही वाक्य सौम्य करू नये. तुम्ही दयाळू आहात, तसा मोह होईल. त्या मोहाने काय होते, तेच या पत्रात आहे.

लुकास काका गेले त्या आठवड्यात आई तिसऱ्याच दिवशी तुमच्या घरातून निघून वरच्या कुरणावर गेली, कारण लामांची पिल्ले रोगाने पटापट मरत होती. पाचव्या दिवशी तुम्ही मला हाक मारली. तुमच्या हातात काकांचा सदरा होता. आठव्या दिवशी मृताचे कपडे नदीवर धुवायचे असतात, आणि ते सख्ख्या माणसांनी धुवायचे असतात. तुम्ही मला निरोप दिला आणि दोनदा म्हणायला लावला. तो मला आजही जसाच्या तसा येतो:

“तुझ्या आईला सांग. माझा नवरा मातीत गेला आणि तू लामा मोजत बसलीस. आठव्या दिवशी नदीवर ये. कपडे धुवायला नको येऊस, भांडायला ये. जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोल, मीही बोलते. नाही आलीस, तर मला बहीण नाही.”

कुरण अर्ध्या दिवसाच्या चालीवर आहे. चालताना मी तो निरोप मनात घोळवत होते आणि मला त्याची भीती वाटत होती. असे शब्द मी आईसमोर कसे उच्चारणार? त्या वर्षी शाळेत मला निबंधाचे पहिले बक्षीस मिळाले होते. बाईंनी माझा कागद वर धरून सांगितले होते, की कठोर गोष्टही नम्र शब्दांत कशी सांगावी हे या मुलीकडून शिका. पहिल्या टेकडीवर मी “लामा मोजत बसलीस” काढून टाकले. ओढ्यापाशी “भांडायला ये” काढले. कुरणावर पोचेपर्यंत माझ्याकडे एवढेच उरले होते: “मावशी म्हणाली, आठव्या दिवशी कपडे धुवायचे आहेत. जमलं तर ये, नाही तर राहू दे, माणसं आहेत.”

आईच्या मांडीवर आजारी पिल्लू होते. तिने विचारले, “राहू दे म्हणाली?” मी हो म्हणाले. ती म्हणाली, “बरं मग. पुढच्या आठवड्यात जाते, सावकाश बसते तिच्यापाशी.”

परत येऊन मी तुम्हाला काय सांगितले ते तुम्हाला आठवत असेल. “आई बघते म्हणाली.” तेही मीच तयार केले होते.

आठव्या दिवशी मीही नदीवर होते. सगळे कपडे धुऊन झाले तरी तुम्ही तो एक सदरा कोरडा ठेवलात. सावली पाण्यावर आली, बायका निघाल्या, तुम्ही दगडावर बसून राहिलात. मी हात धुण्याचे नाटक करत होते. तेव्हासुद्धा सांगता आले असते. मला वाटत होते, की मी भांडण थांबवले.

पुढच्या आठवड्यात आई खाली आली तेव्हा तुमच्या घराला कुलूप होते.

इतकी वर्षे आई समजते, की तुम्ही तिला नको म्हणालात आणि न सांगता गेलात. तुम्ही समजता, की तिला हाक मारूनही ती आली नाही. दोघींनी कधी एकमेकींना एक वाईट शब्द ऐकवला नाही. तो मी मध्येच ठेवून घेतला.

आणि हे मी पुन्हा केले आहे. तुमची चिठ्ठी आईला पोचलेली नाही. माझे पहिले पत्रही तिच्या नावाने मीच लिहिले होते, तिला त्याची कल्पना नाही. तुमचे न येणे तिला लागू नये म्हणून, बसचालकाकडून कळले असे सांगून मी तिला म्हणाले, की मावशींचे सांधे फार दुखतात. तिने लगेच लामाच्या चरबीची डबी काढून दिली, तुम्हाला पाठवायला. ती डबी माझ्याकडे पडून आहे, कारण सांधे खोटे आहेत.

क्षमा मागण्याची जी वाक्ये मला येतात ती सगळी मला चांगली लिहिता येतात, म्हणून एकही लिहीत नाही. आईला आज सांगणार आहे. तुम्हाला आधी लिहिले, कारण कागदाशी बोलणे मला सोपे जाते. यातसुद्धा माझा भित्रेपणाच आहे.

फेलिसा


विलाकोल्यो, शनिवार, २३ नोव्हेंबर १९९१

मावशींस,

रविवारी आईला सांगितले नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी शाळेत एका मुलाने दुसऱ्याची चुगली माझ्याकडे केली आणि मी त्याला म्हणाले, की तू जाऊन त्याच्याच तोंडावर सांग. त्यानंतर घरी जाणे जड झाले. बुधवारी, आई अंगणात बसून चाती फिरवत असताना, सगळे सांगितले. तिची चाती जमिनीवर पडली आणि तिने ती उचलली नाही.

तिने पहिली गोष्ट विचारली ती ही: “ती काय म्हणाली होती? तिचे शब्द सांग.”

मी सांगितले. तिने मला उभे करून आणखी दोनदा सांगायला लावले, मोठ्याने. तिसऱ्यांदा “लामा मोजत बसलीस” ऐकल्यावर तिच्या तोंडून हुंदका आला की हसू, मला कळले नाही. म्हणाली, “हे तिचं बोलणं. तू जे आणलं होतंस ते तिचं नव्हतंच. मला तेव्हाच कळायला हवं होतं. सातुर्निना जन्मात कधी ‘जमलं तर’ म्हणाली नाही.”

मग तुमच्या चिठ्ठीतली ओळ वाचून दाखवली. ती फक्त मान हलवत होती.

मला ती म्हणाली, “तुझ्याशी बोलायचं आहे ते मी नंतर बोलेन. ते थोडं नाही. आधी तिचं.” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. चहा ठेवला तर घेते. बाबा संध्याकाळी सरावाला बसतात, “उजेडात चाललेल्यांनो” म्हणतात आणि थांबतात. उत्तर येत नाही. थोड्या वेळाने ते तीच ओळ पुन्हा म्हणतात.

गुरुवारी शाळेतून आले तर माझा अर्धा मागावर नव्हता. आईने तो चाचपडत सगळा उसवला होता आणि लोकर टोपलीत टाकली होती. काळी आणि पांढरी ओळखायला पेत्रोना आजीला बसवले होते. राखाडी वेगळी काढून भिंतीपाशी ठेवली आहे. तिचे काय करायचे ते आईने सांगितलेले नाही, मी विचारलेले नाही.

आज तिने मला कागद आणायला सांगितला. तिने जे सांगितले ते खाली देते. मध्ये दोनदा माझा हात थांबला. दोन्ही वेळा तिने विचारले, “लिहिलंस?” आणि दोन्ही वेळा मी लिहिले.

“सातुर्निना. पाय होते मला. पण खरं सांगते, निरोप नसता तरी मी यायला हवं होतं, आणि ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. ते मी तुझ्या तोंडावर कबूल करीन, कागदावर नाही. आता माझं ऐक. तू कुलूप लावून गेलीस. मी त्या दारावर हात आपटून परत आले. आठ वर्षांत मेली की जगली, एवढंसुद्धा विचारलं नाहीस. दगड आहेस तू, आपल्या आईसारखी. माझा हा राग मी नवऱ्याला दिला नाही, पोरीलाही दिला नाही, तुझ्यासाठी ठेवलाय. तुझाही घेऊन ये. नदीवर मला नेऊ नकोस, दगड दिसत नाहीत, अंगणात भांडू. भांडून झालं की काळा ताणा मी धरीन, पांढरा तू धर. पोरीला मध्ये बसू द्यायचं नाही. आणि नाही आलीस, तर नव्या वर्षाच्या दिवशी मी अर्धाच अवायो खांद्यावर घेऊन सगळ्या गावासमोर बसेन. कुणी विचारलं तर सांगेन, उरलेला अर्धा आरिकात पाव भाजत बसलाय.”

यात मी एकही शब्द बदललेला नाही.

फेलिसा

(रविवार, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, फाट्यावर आरिकाच्या बसचालकाच्या हाती दिले.)